फरीदीचा विनोद होतो तेव्हा : घरगुती रहस्यमालिकेविषयी काही विचार

मराठी मुस्लिम साहित्याची चर्चा सुरू झाली की कथा, कविता, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांची नावे घेतली जातात. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि या चर्चेला एक व्यासपीठ मिळाले. अस्मिता, दंगल, तलाक, दारिद्र्य, शिक्षण हे विषय त्यावर वारंवार आले. ते यायलाच हवे होते. पण एका साध्या प्रश्नाकडे आपण फारसे वळलो नाही. आपला वाचक रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी विरंगुळा म्हणून काय वाचतो? आणि ते लिहिणारा आपल्यातला कोणी आहे काय? या प्रश्नाच्या निमित्ताने रहस्यकथेच्या एका विशिष्ट प्रकाराविषयी काही लिहावे असे आम्ही योजले आहे.

इंग्रजीत ज्याला 'कोझी मिस्ट्री' म्हणतात त्याला आम्ही येथे घरगुती रहस्यकथा म्हणू. लहानसे गाव किंवा मोहल्ला, एकमेकांना ओळखणारी माणसे, पोलीस खात्यात नसलेला पण डोळे उघडे ठेवून वावरणारा एखादा शोधक, पडद्याआड घडलेला गुन्हा, रक्तपाताला आणि अश्लीलतेला मज्जाव, आणि शेवटी सत्य उघड होऊन गावाची विस्कटलेली घडी पुन्हा बसणे, अशी तिची ढोबळ लक्षणे. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या म्हाताऱ्या बाईची पहिली कादंबरी १९३० साली आली आणि सेंट मेरी मीड हे काल्पनिक खेडे या प्रकाराचे जणू मूळ गाव ठरले. पुढे अमेरिकेत या प्रकाराला वाहिलेला 'मॅलिस डोमेस्टिक' हा मेळावा १९८९ पासून भरू लागला. २००७ साली अ‍ॅमेझॉनने लेखकाला स्वतःचे पुस्तक स्वतःच प्रसिद्ध करण्याची सोय दिली, तेव्हापासून प्रकाशकाविना लिहिणाऱ्या अनेक स्वतंत्र लेखकांनी हा प्रकार हाती घेतला. गाव ठरलेले, माणसे ठरलेली, आणि एकेका लेखकाची दहा-दहा, वीस-वीस पुस्तकांची मालिका.

समीक्षक याला हलके वाङ्मय म्हणतात. हलके असेलही. पण लेखनाच्या दृष्टीने यातला कठीण भाग रहस्य नव्हे, मालिका हा आहे, असे आमचे मत आहे. एखादे कोडे पुष्कळांना रचता येते. तेच गाव आणि तीच माणसे विसाव्या पुस्तकातही वाचकाला हवीहवीशी वाटणे, आणि हे सारे कोणत्याही मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या आधाराशिवाय वर्षानुवर्षे चालवणे, ही वेगळी कमाई आहे.

ही कमाई कशी होते हे पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंड-अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. उर्दूत इब्ने सफी यांनी ती करून दाखवली आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत हेर आहेत, आंतरराष्ट्रीय कट आहेत, त्यांचे नायक सरकारी अधिकारी आहेत. तेव्हा काटेकोर व्याख्येने त्या घरगुती रहस्यकथा नव्हेत. परंतु स्वच्छता, विनोद, घराची ऊब आणि लेखकाने स्वतः चालवलेली मालिका या चारही गोष्टी तेथे आहेत, आणि आम्हाला त्यांच्याशीच कर्तव्य आहे.

इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावी त्यांचा जन्म झाला. 'असरार नारवी' या नावाने ते कविता लिहीत, शाळेत शिकवीत, आणि अलाहाबादच्या 'नकहत' या नियतकालिकाशी संबंधित होते. उर्दूत खपायचे तर कामुक लेखनच करावे लागते, असे त्या काळी साहित्यिकांच्या एका बैठकीत कोणी म्हणाले आणि असरार अहमदांनी ते आव्हान म्हणून घेतले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मार्च १९५२ मध्ये 'दिलेर मुजरिम' ही 'जासूसी दुनिया' मालिकेतील पहिली कादंबरी आली. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून लेखकाचे नाव इब्ने सफी. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत' या कादंबरीपासून इमरानची मालिका सुरू झाली. २६ जुलै १९८० रोजी कराचीत त्यांचे निधन झाले तेव्हा पहिल्या मालिकेत सुमारे १२५ आणि दुसरीत सुमारे १२० पुस्तके जमा होती. मधली आजारपणाची तीन वर्षे वगळली तर हा हिशेब वर्षाला जवळजवळ दहा पुस्तकांचा होतो.

हे कसे साधले? आमच्या मते याची कारणे तीन.

पहिले कारण, घर. कर्नल फरीदीची कोठी, तिथला ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा. कॅप्टन हमीदचा खोडकरपणा आणि त्याने पाळलेला बकरा. अवाढव्य देहाचा, खाण्यावर जीव टाकणारा कासिम. इकडे बापाने घराबाहेर काढलेला, वरवर बावळट दिसणारा इमरान, त्याचा फ्लॅट, आणि स्वयंपाकी सुलेमानशी चालणारी त्याची नित्याची हुज्जत. गुन्हेगार प्रत्येक पुस्तकात नवा. हुज्जत मात्र जुनीच. वाचक गुन्हेगाराला विसरतो, सुलेमानला विसरत नाही. रहस्य पुस्तकागणिक संपते आणि घर तेवढे उरते. मालिका टिकते ती या उरलेल्या घरावर. आज स्वतंत्रपणे मालिका लिहिणाऱ्याने कथानकांची यादी करण्याआधी आपल्या पात्रांचे वय, नाती, घरातल्या खोल्या, गल्लीतली दुकाने, कोणाचे कोणाशी कधी बिनसले याची वही घालावी ती यासाठीच. सातव्या पुस्तकात फुफीचा नवरा जिवंत आणि नवव्या पुस्तकात तो दुसऱ्या पुस्तकापासूनच मयत, असे झाले तर वाचकाचा घरावरचा विश्वास उडतो. कोड्यातली चूक तो एकवेळ माफ करील, घरातली करणार नाही.

दुसरे कारण, वाचकाशी बोलणे. आपल्या पुस्तकांना इब्ने सफी 'पेशरस' या नावाने छोटेसे प्रास्ताविक जोडीत. त्यात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत, तक्रारींची थट्टा करीत, आपल्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन लिहिणाऱ्या नकलाकारांचा समाचार घेत. आपल्या आरंभीच्या काही कादंबऱ्यांची कथानके इंग्रजीवरून घेतली होती हेही त्यांनी स्वतःच वाचकांना सांगून टाकले. 'दिलेर मुजरिम'चे मूळ व्हिक्टर गन या इंग्रज लेखकाच्या कादंबरीत आहे. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी उभे नसले की असे मोकळेपण येते. ते 'पेशरस' आज वाचताना आम्हाला त्यात जाहिरात दिसत नाही, चहाच्या टपरीवरच्या गप्पा दिसतात.

तिसरे कारण, स्वतःचे प्रकाशन. कराचीत त्यांनी 'असरार पब्लिकेशन्स' काढले आणि भारतातील आवृत्त्या अलाहाबादहून अब्बास हुसैनी काढीत राहिले. कथा एका अनाम देशात घडतात, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकाला त्या आपल्याच वाटल्या. फाळणीनंतर पाच वर्षांनी सुरू झालेल्या मालिकेने ही वाट काढावी, याचे महत्त्व उर्दू समीक्षेने उशिरा ओळखले. शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या थोर समीक्षकाने त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या, त्या २०११ मध्ये. लेखक जाऊन तेव्हा तीन दशके लोटली होती.

या स्वातंत्र्याची किंमतही सांगितली पाहिजे. साठीच्या दशकाच्या आरंभी इब्ने सफी गंभीर मानसिक आजाराने सुमारे तीन वर्षे लेखनापासून दूर राहिले. आजाराचे कारण लेखनाचा ताणच होता असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण लेखक आजारी पडला की सारी मालिकाच आजारी पडते, हे त्या तीन वर्षांत दिसले. त्यांच्या नावात एखाद्या अक्षराचा फेरफार करून नकली पुस्तके बाजारात आली. नोव्हेंबर १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले, तेव्हा भारतात त्या पुस्तकाचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. इतकी वाचकाला त्यांची ओढ होती. पुढे मुलतानचे मजहर कलीम यांनी इमरानला घेऊन शेकडो पुस्तके लिहिली. पात्र लोकप्रिय झाले की त्याचे वारस आपोआप उभे राहतात. आपल्या कायद्याने लेखकाच्या पश्चात साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. तो कोणाकडे जाणार हे स्वतंत्र लेखकाने जिवंतपणी कागदावर लिहून ठेवावे. आणि दरमहा एक पुस्तक या शर्यतीत उतरण्यापूर्वी आपल्या प्रकृतीचाही विचार करावा. वर्षाला दोन पुस्तके, पण ठरल्या महिन्यात, हा करार वाचक आनंदाने मान्य करतो.

इब्ने सफींचे दोषही डोळ्याआड करण्याजोगे नाहीत. थेरेसियासारखा अपवाद सोडला तर त्यांच्या स्त्रिया बहुधा मोह घालण्यासाठी किंवा वाचवल्या जाण्यासाठी येतात. जोसेफ या आफ्रिकी नोकराचे चित्रण आज वाचवत नाही. फरीदी खानदानी श्रीमंत आहे. हातमागावर बसणारा, बेकरीत भट्टीपुढे उभा राहणारा मुसलमान या कोठीत क्वचितच डोकावतो. ही कोठी तहजीबदार आहे, पण ती मोहल्ल्यात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही पुस्तके मालेगाव, भिवंडी आणि मुंबईतल्या उर्दू वाचणाऱ्या वस्त्यांत भाड्याने आणून वाचली गेली. पण कोकणातला, देशावरचा आपला पुष्कळ वाचक मराठी शाळेत शिकलेला. त्याला उर्दू लिपी वाचता येईच असे नाही. त्याच्या हाती इब्ने सफी पडले ते हिंदीतून, आणि त्या हिंदी आवृत्त्यांत फरीदीचे नाव विनोद झाले होते, इमरानचे राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला! यामागे दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. व्यापाराचा हिशेब असेल, ग्राहक वाढवण्याची युक्ती असेल. आणि युक्ती यशस्वी झाली हेही खरे. पण हिशेबाच्या या वहीत जे नोंदले गेले ते मोठे बोलके आहे. बुद्धिमान, धीरोदात्त, प्रश्न विचारणारा आणि उत्तर शोधणारा तो विनोद. त्याचा गमत्या साथीदार तो हमीद. मुस्लिम वाचकाने मुस्लिम लेखकाची कादंबरी वाचली आणि त्यात आपल्या वाट्याला दुय्यम जागा आली. पुढे नव्या हिंदी आवृत्त्यांत फरीदी हे नाव परत आले. पण दोन पिढ्या विनोदलाच ओळखत वाढल्या.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे आपल्या घरांतही परिचयाची होती. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी अशा नावांचे नायक मराठी वाचकाला दिले आणि वाचकाने ते कुरकुर न करता स्वीकारले. म्हणजे नाव वेगळे असले की मराठी वाचक पुस्तक खाली ठेवतो, ही भीती निराधार आहे. उणीव वाचकात नाही. आपल्या मोहल्ल्यातून, आपल्या बोलीतून आणि आतल्या माहितीतून लिहिलेली मालिका आपण त्याच्यापुढे ठेवलेली नाही, ही उणीव आहे.

कोणी विचारील, की इतके गंभीर प्रश्न समोर असताना खून, चोरी आणि कोडी यांचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे, की हा प्रश्नही गंभीरच आहे. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. त्या प्रकरणात नऊ मुस्लिमांना पकडण्यात आले. त्यांतला एक खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच वारला. उरलेल्या आठ जणांना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त केले. दहा वर्षे! तपास या शब्दाचा अर्थ आपल्या वस्तीत काय होतो, हे या दहा वर्षांनी शिकवले. इतरांच्या रहस्यकथेत दारावर थाप पडते तेव्हा कथा सुरू होते. आपल्याकडे तशी थाप पडली की घर संपते. तपासाच्या गोष्टीत आपल्याला ठरलेली जागा संशयिताची. वर्तमानपत्रात तीच, सिनेमात तीच.

म्हणूनच आपल्याला अधिकारी नायकापेक्षा घरगुती रहस्यकथेतला बिनपगारी शोधक अधिक जवळचा आहे. त्याच्या हातात लाठी नाही, कोठडी नाही. त्याला माणसाला बोलते करावे लागते ते चहा पाजून, विचारपूस करून, गप्प बसून. कोणाकडूनही कबुली वदवून घेण्याचे साधन त्याच्यापाशी नाही, म्हणून त्याला पुरावाच शोधावा लागतो. आम्हाला या प्रकाराचे नैतिक बळ येथे दिसते. तो व्यवस्थेविरुद्ध घोषणा देत नाही. तपास असाही करता येतो एवढेच दाखवतो. २०२५ साली कॅनडातल्या लेखिका उझ्मा जलालुद्दीन यांची 'डिटेक्टिव्ह आंटी' ही कादंबरी आली. तिची नायिका कौसर खान ही विधवा, लेकीवर खुनाचा संशय आला म्हणून टोरांटोला येते आणि स्वतः तपासाला लागते. संशयिताची आईच शोधक! टोरांटोच्या आपा-खालांना जे जमते ते राजापूर-मिरजेच्या आपा-खालांना का जमू नये?

सामग्रीची तर आपल्याकडे वाणच नाही. एका लहान गावात दरवर्षी खून पडू लागले तर वाचकाला हसू येईल, ही या प्रकाराची जुनीच अडचण. 'मर्डर, शी रोट' या अमेरिकन दूरदर्शन मालिकेतील छोट्याशा गावात इतके खून झाले की त्या गावाचे नाव या दोषाला चिकटले. पण खुनाची गरजच काय? एक उदाहरण देतो. इस्लामी वारसा कायद्याने मृत्युपत्र मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच चालते, आणि इतर वारसांची संमती नसेल तर ते एखाद्या वारसाच्या नावे करता येत नाही. हिबा म्हणजे हयातीतील दान. त्याला ही मर्यादा नाही. तेव्हा बहिणींचा वाटा बुडवू पाहणारा भाऊ खोटे मृत्युपत्र करणार नाही, तो खोटा हिबानामा करील. पण हिबा पुरा व्हायला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा अशा तिन्ही गोष्टी लागतात. आता गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने फक्त एवढेच विचारत हिंडावे, की मरहूम अब्बांच्या शेवटच्या दोन वर्षांत बागेतले नारळ कोणी उतरवले, पाडेल्याला मजुरी कोणी दिली, आणि पैसे कोणाच्या हातात पडले? अब्बाच शेवटपर्यंत हिशेब घेत असतील, तर ताबा गेलाच नव्हता आणि कागद खोटा. रक्ताचा थेंब न सांडता कथा उभी राहते, आणि बहिणींना वाटा मिळतो की नाही हा खरा प्रश्न त्यात पणाला लागतो. आखातात गेलेल्या मुलाचे मुखत्यारपत्र, वक्फच्या जमिनीचा सातबारा, उरुसाच्या गर्दीत हरवलेली पेटी, निकाहनाम्यावरची मेहरची रक्कम, यांतले प्रत्येक एकेक पुस्तक आहे. ही माहिती आपल्या घरांत आहे. बाहेरच्या लेखकाला ती विचारून घ्यावी लागेल.

राहिला व्यवहार. मोठा प्रकाशक अशी मालिका मागायला येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०१६ पासून अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशनात मराठीचा समावेश झाला. 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी हप्त्याहप्त्याने लिहिता येते. मागणीनुसार थोड्या प्रती छापता येतात. साधने आहेत. पण साधनांनी मालिका होत नाही. पहिले पुस्तक ओळखीचे लोक घेतात, दुसरे थोडे कमी लोक घेतात, आणि बहुतेक लेखक तेथेच थांबतात. मालिकेचे गणित उलटे असते. चौथे पुस्तक हाती आलेला अनोळखी वाचक मागे वळून पहिली तीन मागतो. तोवर तग धरणे हेच काम. त्यासाठी पोटापाण्याची नोकरी सोडू नये. पहिले पुस्तक बाजारात आणण्यापूर्वी दुसरे लिहून तयार ठेवावे. मुद्रितशोधनावर पैसा खर्च करावा आणि मुखपृष्ठाची धाटणी सर्व पुस्तकांना एकच ठेवावी. आणि प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी वाचकासाठी दोन पाने राखावीत. 'पेशरस'चा हा धडा फुकट मिळालेला आहे.

आमची अपेक्षा मुस्लिम मराठी साहित्याने आपले गंभीर काम सोडावे अशी नाही. त्या कामाला एक शेजघर हवे, इतकेच. अस्मितेची कविता संमेलनात ऐकली जाते. रहस्यकथा घरात, उशाशी, अगदी शेजारच्या बिगरमुस्लिम घरातही वाचली जाते. तेथे आपला एखादा शोधक वीस पुस्तके येत-जात राहिला, तर त्याच्या नावाची, त्याच्या सलामाची, त्याच्या घरातल्या भांडणांची वाचकाला सवय होते. एका उत्तम कादंबरीने जे होत नाही ते सवयीने होते. फरीदीचा विनोद करणाऱ्यांना वाटले, की नाव बदलल्याशिवाय वाचक मिळणार नाही. त्यांचे म्हणणे खोटे ठरवायचे असेल तर लेख लिहून भागणार नाही. हमीदला पुढच्या खुर्चीवर बसवून एक पुस्तक लिहावे लागेल, मग दुसरे, मग तिसरे. आणि तिसरे खपले नाही तरी चौथे.